सहा नंबरचा ठिपका

दार मागे लागलं तेव्हा नकाशावालीला काही वाटलंच नाही. शीतगृहाची दारं अशीच लागतात. जड, बिनआवाजी, रबराची कड चपखल बसवत. तिने टॅबवर सहा नंबरच्या चेंबरपुढे खूण केली, मागच्या भिंतीवरचा तापमानाचा सेन्सर पाहिला, दाराशेजारचं मदतीचं लाल बटण पाहिलं, आणि निघावं म्हणून दाराच्या आतल्या दांड्यावर हात टाकला.

दांडा हलला, दार हललं नाही.

तिने पुन्हा दाबला. आता तर दांडा नुसताच वर-खाली होऊ लागला, जणू दाराशी त्याचा काही संबंधच उरला नव्हता.

"हे बघ," ती दाराला म्हणाली, "कामाच्या वेळी माझ्याशी असं वागायचं नाही."

दार काय ऐकतंय! तिने खांदा लावला, लाथ मारली, पालथ्या मुठीने ठोकलं. हातभर जाडीचा फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा; ठोकल्याचा आवाज तिचा तिलाच नीट ऐकू येईना. वर पंखे घरघरत होते. टॅबला आत रेंज नव्हती. अंगात खुंटीवरचा पातळ कोट होता, हातमोजे नव्हते, कारण हातमोजे घालून टॅबवर बोट चालत नाही. उणे अठरा. दाराच्या वर लाल आकड्यांत लिहिलेलंच होतं.

घाबरली का? नाही, इतक्यात नाही. मदतीचं बटण होतं ना! ते तिनेच बसवून घेतलं होतं. तिने ते दाबलं. बटणावर हिरवा दिवा लागला, म्हणजे निरोप कंट्रोल रूममध्ये पोचला. तिथे आत्या बसलेली होती. मग कसली भीती?

ही आत्या तिची सख्खी आत्या. आई गेल्यावर तिनेच हिला वाढवलं. या इमारतीच्या कंट्रोल रूममध्ये आत्याची बावीस वर्षं गेलेली. हमालांपासून फिटरपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. पूर्वी भिंतीवर नुसत्या दिव्यांचा फळा होता. कोणता दिवा कुठल्या दाराचा, कुठल्या पंख्याचा, हे आत्याला तोंडपाठ. ओठांत देवाचं नाव आणि डोळे फळ्यावर, अशी ती बसे. आता त्या फळ्याच्या जागी मोठा पडदा आला होता, आणि पडद्यावर इमारतीचा नकाशा. नकाशात प्रत्येक खोली, खोलीत ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा. हे सगळं मांडायचं काम ज्या कंपनीला मिळालं तिने नेमकी आत्याचीच पुतणी पाठवली. दोन आठवडे पुतणी एकेक ठिपका बोटाने सरकवून आपापल्या खोलीत नेऊन बसवत होती, आणि आत्या मागे उभी राहून शंका काढत होती.

"आणि हा ठिपका खोटं बोलला तर?"

"आत्या, तो कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार आहे त्यातून?"

"मला काय माहीत. तुझ्या ओळखीचा आहे, माझ्या नाही."

"तू ना, देव समोर उभा राहिला तरी विचारशील, खरंच तूच ना म्हणून."

"विचारीनच. तो रागवत नाही. तू रागावतेस, चिमे."

तर आता पडद्यावर ठिपका लाल झाला असणार, आणि आत्याने वॉकीटॉकीवर लंबूला हाक मारली असणार. लंबू म्हणजे फोर्कलिफ्टवाला. दारातून वाकूनच जायचा. तिने हात काखेत घातले आणि जागच्या जागी पावलं आपटत वाट पाहिली.

दोन मिनिटं झाली. आणि खरंच, दाराचा जाड दणका ऐकू आला. पण शेजारी. भिंतीपलीकडे, सात नंबरच्या चेंबरमध्ये.

"इकडे!" ती ओरडली. मधल्या भिंतीला गोठवलेल्या मटारांची खोकी छतापर्यंत लागलेली. त्यांच्या फटीत तोंड घालून ती पुन्हा ओरडली, "अरे लंबू, इकडे! सहात!" पंख्यांनी तिचा आवाज उचलला आणि खोलीतच फिरवला. पलीकडून कुणीतरी काहीतरी बोललं, मग दार लागलं, मग काही नाही.

तो सातात का गेला? सहाचं बटण दाबलंय, आणि तो सातात गेला.

ती दाराशी परत आली, बटणाकडे बघत उभी राहिली, आणि मग तिला कालचं काम आठवलं.

काल संध्याकाळी मॅनेजर साहेब म्हणाले होते, नकाशाच्या डाव्या कडेला हा मोठा पांढरा भाग आणि त्यावर आराखडा काढणाऱ्याचा शिक्का बरा दिसत नाही, तेवढा काढून टाका. उद्या पाहुणे येणार आहेत. तिने ठिपके तात्पुरते लपवले, नकाशाचं चित्र डावीकडून कापलं, नवं चित्र जुन्याच्या जागी चढवलं. दोन मिनिटांचं काम. घरी जायची घाई होती. सकाळी येऊन ठिपके पुन्हा दिसते केले आणि पडताळणीला निघाली.

पण ठिपका खोली ओळखत नाही. तो चित्राच्या डाव्या कडेपासून किती अंतरावर आहे, एवढंच त्याला ठाऊक. कड कापली, खोल्या डावीकडे सरकल्या, ठिपके होते तिथेच राहिले. म्हणजे प्रत्येक ठिपका एक घर उजवीकडे. सहाचा सातात, सातचा आठात. पहिलं चेंबर दुरुस्तीसाठी बंद, त्यामुळे ते ओकंबोकं दिसलं तरी कुणाच्या डोळ्यात खुपलं नाही. शेवटच्याचे ठिपके मशीनच्या खोलीतल्या गर्दीत मिसळून गेले.

बरं, ठिपक्यावर बोट ठेवलं तर नाव येतं. त्यात सहा लिहिलेलं असतं तर? नव्हतं. नावं तिने अजून दिलीच नव्हती. प्रत्येकाला कारखान्यातून आलेला लांबलचक नंबर तसाच होता. 'नावं शेवटी एकदम देऊ,' असं तिनेच ठरवलं होतं. कुठला नंबर कुठल्या खोलीचा ते तिच्या वहीत होतं, आणि वही तिच्या कोटाच्या खिशात.

तिने बटण दाबलं. हिरवा दिवा. शेजारी पुन्हा दणका, या वेळी लगेच लागलेला. लंबू चिडला असणार. तिने तिसऱ्यांदा दाबलं.

दिवा लागलाच नाही.

हेही तिला कळलं. कालच तर शिकवलं होतं आत्याला. एखादं बटण उगाचच ओरडत राहिलं, तर इथे दाबायचं. तासभर ते गप्प. "आणि तासाभरात खरंच कुणी दाबलं तर?" आत्याने विचारलं होतं. "आत्या, प्रत्येक गोष्टीत असं करत बसलीस तर काम कधी होणार?" असं ही म्हणाली होती. आत्याने मान डोलावली होती. आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी.

टॅबवर वेळ पाहिली. अकरा वाजून आठ मिनिटं. बारा वाजून जाईपर्यंत बटण मुकं. सहातला माल परवापर्यंत कुणी हलवणार नव्हतं.

बसायचं नाही, एवढं तिला माहीत होतं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अकरा पावलं. ती चालू लागली. नाकातला ओलावा कडक झाला होता, पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. अकरा पावलं, वळण, अकरा पावलं. भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या, तेव्हा ती पावलांऐवजी देवाचं नाव मोजू लागली. आत्याच्या चालीत, आत्याच्या ओठांनी. तेवढ्यात थोडं बरं वाटलं. एक तास, चिमे. कोट आहे. चालत राहायचं. बारानंतर बटणाला वाचा फुटेल, मग दाबत राहू, केव्हातरी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडेल. माणूस तासाभरात मरत नाही.

आणि मग चालता चालता तिला वरचा मजला आठवला.

वरच्या मजल्याचं चित्रही तिने कालच कापलं होतं. त्याच कात्रीने, त्याच दोन मिनिटांत. आणि वर आज थंडीसाठीच्या अमोनिया गॅसच्या नळ्यांचं काम होतं. चार फिटर. एकेक खोली बंद करायची, नळी रिकामी करायची, हवा सोडायची; खोलीतल्या गॅसच्या सेन्सरचा ठिपका हिरवा झाला की कंट्रोल रूममधून निरोप जायचा, "आत जा." पहिला निरोप साडेअकराला. निरोप देणार आत्या. पडद्याकडे बघून, ठिपका हिरवा आहे ना याची दोनदा खात्री करून, ती आपल्या शांत आवाजात चार माणसांना शेजारच्या खोलीत पाठवणार होती; जिथे गॅस अजून तसाच होता.

ती थांबली. मघापासून ती स्वतःच्या सुटकेची वाट बघत होती. आता अकरा वाजून सोळा मिनिटं झाली होती, आणि बारापर्यंत थांबून चालणार नव्हतं.

"देवा," ती मोठ्याने म्हणाली. ओठ जड झाले होते, शब्द लुळे येत होते. "मला बाहेर काढ असं नाही म्हणत. आत्याच्या मनात संशय घाल. एवढंच. तिच्यापाशी तो भरपूर होता. मीच काढून घेतला."

आणि हात जोडलेले असतानाच तिची नजर मागच्या भिंतीकडे गेली. बटण मुकं केलं होतं. सेन्सर कुठे मुका होता?

साबणाच्या वडीएवढी ती पांढरी डबी डोक्याच्या उंचीवर क्लिपमध्ये बसवलेली. बोटं वाकत नव्हती. तिने दोन्ही तळव्यांत धरून ती ओढली, क्लिप तुटली, डबी वायरीला लटकत खाली आली. तिने कोटाची बटणं दातांनी सोडवली, डबी सदऱ्याच्या आत घातली आणि काखेत दाबून धरली. बर्फाचा दगड कातडीला लावल्यासारखं झालं. तिच्या तोंडून किंकाळी निघाली, पण डबी तिने सोडली नाही. भिंतीला पाठ लावून, गुडघे हलवत, ती उभी राहिली.

दर दोन मिनिटांनी आकडा जातो. उणे अठरा. मग उणे पंधरा जाईल. मग उणे नऊ. उणे दहाच्या वर गेलं की पडदा ओरडेल: माल वितळतोय. सातमधला माल. लंबू येईल, सातात जाईल, आत गार असेल, परत जाईल. मग आत्या काय करेल? हाही मुका करेल? शिकवलं तर तसंच होतं.

शेजारी दार वाजलं. तिने श्वास रोखला. दार लागलं नाही. बराच वेळ ते उघडंच राहिलं, आणि पलीकडे वॉकीटॉकीची खरखर चालू राहिली. शब्द कळत नव्हते, फक्त चढउतार. एकदा वाटलं आत्याचाच आवाज. ती ओरडायला गेली तर घशातून हवाच निघाली. पापण्या मिटू लागल्या. बसावं, दोनच मिनिटं बसावं, असं कुणीतरी आतून फार प्रेमाने सांगत होतं. ती त्या प्रेमाला म्हणाली, "नको."

मग पळण्याचा आवाज. मग तिच्या दारावर धडक, दुसरी, तिसरी, आणि बर्फ तडकल्यासारखा कडकड आवाज होऊन दार उघडलं. लंबू दारात वाकायचं विसरला आणि त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं.

"अरे बापरे! आहे! मावशी, आहे, आहे ही!"

त्याच्या मागे, दुखऱ्या गुडघ्यांनी, चष्मा एका कानावर लोंबकळत, आत्या. तिने पुतणीला बाहेर ओढलं, आपल्या स्वेटरमध्ये घेतलं आणि पाठीत गुद्दे घालायला लागली. रक्त फिरावं म्हणून की रागाने, तिचं तिला माहीत.

"मेले! मी तुला शोधतेय, तुझं बटण बिघडलं, सेन्सर बिघडला, कार्टी गेली कुठे म्हणून! आणि तू इथे!"

"मावशींनी पकडलं," लंबू कपाळ चोळत सांगू लागला. "मी सातात उभा. म्हटलं, मावशी, इथे मस्त गार आहे. त्या म्हणाल्या, इथे तर उणे सहा दिसतंय. म्हटलं, डबीच खराब. तर म्हणाल्या, लंबू, ती डबी मुठीत धर जरा. धरली. हाताचं पार लाकूड झालं. तर मावशी म्हणतात, अरे, तू सातात आहेस ना, मग आठ का वाढतोय?"

"वर," नकाशावाली म्हणाली.

"काय?"

"वर. आत्या, वरचा नकाशाही. सगळे एक घर सरकलेत. फिटर..."

आत्याचा हात तिच्या पाठीवरच थबकला.

"मी त्यांना आत्ताच सांगितलं," आत्या हळू म्हणाली. "लंबूशी बोलता बोलता सांगितलं. तीन हिरवी आहे, जा म्हटलं."

लंबूकडे वॉकीटॉकी होती. नकाशावालीने ती त्याच्या हातातून घेतली. बोटाने कळ दाबेना म्हणून अंगठ्याच्या बुडाने दाबली.

"वरचे सगळे बाहेर या. खोलीत शिरू नका. नकाशा चुकलाय. तीनमध्ये गॅस आहे. बाहेर या."

खरखर. मग एक आवाज: "मी जिन्यात आहे. चावी आणायला आलोय."

"दुसरा?"

"आम्ही दोघं दाराबाहेर. मोठे फिटर गेलेत आत."

पुढे किती वेळ गेला ते तिघांपैकी कुणालाच नंतर सांगता आलं नाही. आत्या डोळे मिटून पुटपुटत होती. लंबू जिन्याकडे धावला होता. नकाशावाली भिंतीला टेकून त्या काळ्या डबड्याकडे बघत होती, आणि चेंबरचं दार उघडलं असूनही तिला सुटल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

मग खोकला. वॉकीटॉकीतून आलेला लांबलचक, ओला, जिवंत खोकला.

"बाहेर आहे," मोठा फिटर म्हणाला. "दार उघडलं तसा वास नाकात गेला. डोळ्यांची आग आग झालीय. कुणी सांगितलं होतं तीन साफ आहे म्हणून?"

आत्याने तोंडावर पदर घेतला. रडू की काय ते कळायच्या आत ती दोन्ही हातांनी पुतणीला धरून कंट्रोल रूमकडे चालवू लागली. तिथे हीटर होता. तिने तिला खुर्चीत बसवलं, पाय आपल्या मांडीवर घेतले, बोटं चोळू लागली. समोर पडद्यावर सगळे ठिपके हिरवेगार चमकत होते.

"ऐक," आत्या खाली बघतच म्हणाली. "ते खाली येतायत. मॅनेजर पण येईल. मशीन बिघडलं म्हणायचं. नवीन आहे, बिघडतं. मी पण तेच म्हणेन. तुझं वय काय, नोकरीला वर्षं किती झाली! बावीस वर्षांत मी कुणाजवळ खोटं बोलले नाही. एकदा बोलले तर देव समजून घेईल."

"मशीन नाही बिघडलं, आत्या. मी सांगितलं तेच त्याने केलं."

"चिमे..."

"आणि निरोप तू दिलास. मशीनवर ढकललं तर उद्या विचारतील, मग मावशीने पडद्यावर विश्वास का ठेवला? तुझ्यावर येईल."

"येऊ दे. मी म्हातारी आहे."

"तू त्याला मुठीत धरायला सांगितलंस," पुतणी म्हणाली, आणि तिचे दात इतके वाजायला लागले की पुढचं तिला बोलताच येईना.

जिन्यावर बूट वाजले. आत्याने तिच्या पायांवर स्वेटर टाकला आणि उठून दारापाशी उभी राहिली, आडवी, दोन्ही हात चौकटीला लावून. लहानपणी हिला कुणी रागावायला आलं की उभी राहायची तशी. मोठा फिटर ओलं फडकं डोळ्यांना लावून समोर आला. डोळे लालभडक, मिशीतून पाणी गळतंय.

"मावशी, बाजूला व्हा. नकाशा कुणी केलाय?"

"ती आत्ताच थंडीतून बाहेर आलीय. जरा..."

"मी केला," खुर्चीतून आवाज आला.

त्याने आत पाहिलं. निळे ओठ, केसांवर वितळणारा बर्फ, कोटाची बटणं सुटलेली. फडकं त्याने खाली घेतलं.

"बस खाली," तो म्हणाला, कारण ती उठायला लागली होती. "बसून सांग. पण सगळं सांग. पहिल्यापासून."

ती बसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली आणि खिशातली वही काढून त्याच्यापुढे ठेवली.

"काल संध्याकाळी," ती म्हणाली, "मी नकाशाची डावी कड कापली."